स्टेरिंग तेवढं वेगळं पाहिजे

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीत पहाटेपासूनच कंपन्यांच्या बसगाड्या माणसं उचलायला लागतात. भारतमाता चौकात, बोऱ्हाडेवाडीच्या कोपऱ्यावर, स्पाइन रोडच्या तोंडाशी गळ्यात ओळखपत्र आणि हातात डबा घेतलेली मंडळी अर्धवट झोपेत उभी असतात. बस आली की राहिलेली झोप चाकणपर्यंत पुरी करायची. तळेगाव चौकातली वाहतूक पाहता हल्ली झोप होऊन वर थोडा वेळ उरतोसुद्धा. तिथं उतरून ही माणसं गाड्या बनवतात. चाकण पट्ट्यात मर्सिडीज आहे, फोक्सवॅगन आहे, महिंद्रा आहे, बजाजच्या मोटरसायकली आहेत. मोशीच्या दुसऱ्या अंगाला, पिंपरीत, टाटांचा कारखाना माझ्या पिढीच्या लहानपणापासून उभा आहे. आणि या सगळ्यांना नट, रबर, काच, वायर पुरवणारी शेडं भोसरीपासून पार खेडच्या वेशीपर्यंत पसरली आहेत.

गाडी बनवण्याच्या कामात एक गोष्ट अजिबात चालत नाही, ती म्हणजे ज्याची त्याची आवड. नट अमुक टॉर्कला आवळायचा म्हणजे तेवढाच आवळायचा. रेंच ‘टक्’ म्हणाला की हात काढायचा. आज जरा जास्त आवळावासा वाटतोय, असं म्हणायची सोय नाही. सकाळची पहिली गाडी जशी, तशीच पाळीची शेवटची. कुठे फरक पडला तर लाल दिवा लागतो, लाइन थांबते आणि साहेब धावत येतात, ते काही पाठ थोपटायला नव्हे.

दिवसभर असा एकसारखेपणा घडवून मोशीत परतलेला माणूस स्वतःच्या गाडीपाशी येतो, तेव्हा त्याला काय दिसतं? सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याच कंपनीच्या, त्याच पांढऱ्या रंगाच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. आमच्या चौथ्या मजल्यावरचे काका एकदा भलत्याच गाडीचं दार उघडत नाही म्हणून बॅटरी उतरल्याची तक्रार करत बसले होते. गाडी कर्जाची असली तरी ती आपली आहे, ही गोष्ट निदान आपल्याला तरी कळावी, एवढी या माणसाची साधी मागणी असते. मग तो हायवेलगतच्या ॲक्सेसरीच्या दुकानाकडे वळतो.

या दुकानांच्या पाटीवर वर देवाचं नाव आणि खाली ‘कार डेकॉर’ असतं. दारात सीट कव्हरं टांगलेली, मॅटच्या गुंडाळ्या उभ्या केलेल्या आणि भिंतीवर ओळीनं गोल गोल स्टिअरिंग. काही लाकडासारखी, काही खालून सपाट, काही कार्बन फायबरच्या विणीची. ही वीण खरी असते असं दुकानदारही म्हणत नाही. ‘तसा लूक येतो’ म्हणतो. गिऱ्हाईक आत शिरतं ते बहुधा मोबाइलच्या स्टँडसाठी, पण नजर जाते भिंतीवर.

मला ही नजर कळते. गाडीचा बाहेरचा रंग लोकांसाठी असतो, आपण आत बसलो की तो आपल्याला दिसतही नाही. सनरूफ पोरांसाठी असतं. मागची सीट सासुरवाडीच्या मंडळींसाठी. मालकाच्या हाताला पूर्ण वेळ लागून असणारी वस्तू एकच, ते चाक. आणि ते नेमकं कंपनीनं दिलेलं, कडक प्लॅस्टिकचं, उन्हात तापणारं आणि पावसाळ्यात चिकट होणारं. बेस मॉडेल घेतलेल्याच्या चाकावर तर आवाज कमीजास्त करायची बटणंसुद्धा नसतात. त्या जागी दोन काळी झाकणं असतात. पैसे कमी पडले होते, याची आठवण ती झाकणं रोज ऑफिसला जाता-येता करून देतात.

हे वेड नवीन आहे असं समजू नये. मोशी आता सेक्टरांत आणि टॉवरांत मोजली जाते, पण जुन्या गावठाणात अजून अशी माणसं आहेत ज्यांनी इंद्रायणीकाठी बैल हाकले आहेत. बैल तर सगळ्यांचेच चार पायांचे. म्हणून पोळ्याला शिंगांना हिंगूळ, टोकांना पितळी शेंब्या, अंगावर झूल, कपाळावर गोंडे. त्यातही कासरा विकतचा चालायचा नाही. हाताला बसेल असा स्वतः वळलेला लागायचा. मजा अशी की, ज्या बैलगाडा शर्यतीवर हा सगळा मुलूख जीव टाकतो, त्या आमच्या घाटातल्या शर्यतीत गाड्यावर माणूसच नसतो. पुढे घोडी पळते, मागे बैल आणि बारी सेकंदांत संपते. सुकाणू धरायला कुणी नाही आणि तरी गाडा सरळ जातो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदा ग्राह्य धरला. गाडीच्या आत्ता आलेल्या स्वयंचलित तंत्राचं कौतुक आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना फारसं का वाटत नाही, हे त्या बिनचालकाच्या गाड्यावरून लक्षात यावं.

बैलांनंतर ट्रक आले. टाटांचा 407 1986 साली रस्त्यावर आला आणि या पट्ट्यातला निम्मा माल त्यानंच ओढला असेल. त्या काळच्या ट्रकचं चाक केवढं मोठं! पॉवर स्टिअरिंग नव्हतं, म्हणून चाक मोठं ठेवून ताकद वाचवायची. यात तरफेचा साधा हिशोब आहे: घेर मोठा तर जोर कमी, पण हात जास्त फिरवायचा. एसटीचा ड्रायव्हर वळण घ्यायचा तेव्हा त्याचा खांदा, पाठ आणि कधीकधी सीटवरून उठलेलं निम्मं अंग त्यात भाग घ्यायचं. अशा चाकाला ड्रायव्हर मंडळी रंगीत प्लॅस्टिकची वायर गुंडाळायची, बाजारहाटाच्या टोपल्या विणायची तीच. लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे. घामेजला हात घसरायचा नाही आणि गाडी मालकाची असली तरी चाक ड्रायव्हरचं आहे, हे क्लीनरपासून नाक्यावरच्या पोलिसापर्यंत सगळ्यांना दिसायचं.

चाकावर बसवायची मूठ, म्हणजे नॉब, ही त्याच घराण्यातली. एका हातानं गरगर फिरवता येतं, दुसरा हात खिडकीबाहेर काढायला मोकळा. ट्रॅक्टरला आणि फोर्कलिफ्टला ती शोभते, कारण तिथं हळू चालून सारखं वळायचं असतं. कारमध्ये तिच्यात शर्टाची बाही अडकते, बांगडी अडकते आणि धडक झालीच तर ती थेट बरगडीत बसते. अमेरिकेत तिला ‘सुसाईड नॉब’ म्हणतात. आपल्याकडे तिच्यावर देवाचा फोटो असतो.

खरं तर मोटारीला पहिल्यापासून चाक नव्हतंच. कार्ल बेंझच्या 1886 च्या गाडीला दिशा द्यायला एक दांडा होता. 1894 च्या पॅरिस-रुआँ स्पर्धेत आल्फ्रेद वाशरों नावाच्या फ्रेंच गृहस्थानं आपल्या पानहार्ड गाडीचा दांडा काढून तिथं चाक बसवलं. म्हणजे मोटारीच्या अगदी पहिल्या स्टिअरिंग व्हीलांपैकी एक हे कंपनीनं दिलेलं नव्हतं, तर एका मालकानं हौसेनं केलेला बदल होता. आमच्या दुकानदारांना हे ठाऊक नाही ते बरंच आहे, नाहीतर पाटीवर वाशरोंचा फोटो लागला असता, हार घालून.

पुढे 1964 साली जानपिएरो मोरेत्ती या इटालियन शर्यतबाजानं स्वतःसाठी एक चाक करून घेतलं: आकारानं लहान आणि पकडीला जाड. त्याच साली फेरारी चालवणाऱ्या जॉन सर्टीझला ते आवडलं, तो जगज्जेता झाला आणि मोरेत्तीचा धंदा उभा राहिला. मोरेत्ती आणि मोंझाचा धावमार्ग यांची आद्याक्षरं जोडून त्यानं नाव ठेवलं ‘मोमो’. हे नाव आज आमच्याकडे पाच-सहाशे रुपयांच्या रेक्झिनच्या कव्हरवरही छापलेलं मिळतं, आणि त्याच दुकानाबाहेर संध्याकाळी वाफेच्या भांड्यातही मिळतं. दोन्हींचा इटलीशी संबंध सारखाच.

माझ्या भाच्यानं गेल्या दिवाळीत गाडी घेतली. तो चाकणला एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर आहे. तिथं काय आवळतो ते तो सांगत नाही, आणि सांगितलं तर मी लिहिणार नाही. गाडी अर्थातच बेस मॉडेल. एका रविवारी येऊन म्हणाला, “मामा, बाकी काही नको. स्टेरिंग तेवढं वेगळं पाहिजे.”

“का रे? आहे ते वळत नाही का?”

“वळतंय. पण दिवसभर तसलीच बघतो ना.”

या उत्तरापुढं बोलण्यासारखं काही नव्हतं. पूर्वी असल्या कामाला पुण्यात नाना पेठ गाठायची किंवा शेजारच्या कुदळवाडीत चक्कर मारायची. ‘कुदळवाडीत मिळेल’ हे मोशीत कुठल्याही वस्तूबाबत ठरलेलं उत्तर होतं. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली भंगाराची गोदामं आणि शेडं भुईसपाट केली, तेव्हापासून उत्तर झालंय ‘ऑनलाइन मागवतो’. आम्ही हायवेवरच्याच एका दुकानात गेलो.

दुकानदार मोठा बोलका. त्यानं भाच्याला खालून सपाट चाक दाखवलं. ही तऱ्हा शर्यतीच्या गाड्यांतून आली. अरुंद जागेत ड्रायव्हरच्या मांड्यांना जागा व्हावी म्हणून. मोशीत ती मुख्यतः पोटाला जागा व्हावी म्हणून खपते, असं माझं निरीक्षण आहे. यू-टर्न घेताना मात्र हाताला गोलाई अपेक्षित असते आणि मध्येच सपाटी लागते. दोन-तीन दिवस माणूस जिना उतरताना शेवटची पायरी चुकल्यासारखा दचकतो. शिवाय ते चाक साडेतीनशे मिलिमीटरचं, मूळचं तीनशे ऐंशीचं. तीस मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तेवढ्यानं हाताला आठ-नऊ टक्के जास्त जोर लागतो, आणि उंच माणसाला चाकाच्या कडेमागे स्पीडोमीटरचा वरचा भाग दिसेनासा होतो. वेग किती ते दिसत नसल्यामुळे गाडी पळतेय असं वाटत असावं.

“वायरकट काही नाही दादा,” दुकानदार म्हणाला, “कपलर टू कपलर बसतं. बॉस किट टाकला की झालं.”

बॉस किट म्हणजे गाडीच्या दांड्याचे दाते आणि बाहेरचं चाक यांची गाठ घालून देणारा मधला धातूचा तुकडा. त्या दात्यांवर चाक एक दात इकडंतिकडं बसलं, तर गाडी नाकासमोर जात असताना चाक मात्र तिरकं राहतं आणि ड्रायव्हर जन्मभर वळणावर असल्यासारखा दिसतो. पण खरी गोम त्याच्या वर असते. चाकाच्या मागे ‘क्लॉक स्प्रिंग’ नावाची पट्टीसारखी वायर गुंडाळलेली असते. चाक दोन्हीकडे फिरतं, तशी ती उलगडते आणि आवळते. हॉर्न, बटणं आणि एअरबॅग, सगळ्यांचा वीजपुरवठा तिच्यातून. ती मधोमध न ठेवता बसवली, तर पूर्ण वळण घेताना एक दिवस तटकन तुटते. भाच्यानं हेच विचारलं. धंद्यातला माणूस तो.

“आणि एअरबॅग?”

“ह्या स्टेरिंगला एअरबॅग नाही येत दादा. एवढ्या बारीक स्टेरिंगला कुठून यायची?”

“मग मीटरवर लाइट लागेल ना.”

“लाइटचं टेन्शन नका घेऊ. रेझिस्टर टाकून देतो. गाडीला वाटतं, एअरबॅग आहे.”

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, “आमच्याकडं असा लाइट मी विझवला, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.”

दुकानदार हसला. भाचा हसला नाही. तोवर मला वाटत होतं की, हा पोरगा दिवसभराच्या त्या शिस्तीवर सूड उगवायला इथं आला आहे. पण लाल दिव्याचा अर्थ त्याच्या हाडात मुरलेला होता. दिवा लागला तर लाइन थांबवायची, दिव्याची वायर कापायची नाही. चालकाच्या पुढ्यातली एअरबॅग 2019 च्या 1 जुलैपासून आपल्याकडे नव्या प्रत्येक कारला सक्तीची झाली. ती सेकंदाच्या तीस-चाळीस हजारांश भागात फुगते. पापणी लवायच्या आत, असं आपण उगाच म्हणतो, पण इथं ते शब्दशः खरं आहे. आणि तीस मिलिमीटरच्या हौसेसाठी ती काढून तिच्या जागी चार आण्यांचा रेझिस्टर बसवायचा, म्हणजे गाडीच्या मेंदूला थाप मारायची. गाडी फसते. खांब फसत नाही.

कायद्याचीही बाजू आहे, आणि ती आमच्या दारातच आहे, कारण एमएच 14 चं आरटीओ ऑफिस मोशीतच आलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर शिक्कामोर्तब केलं. रंग किंवा किरकोळ वस्तू बसवणं याला मात्र बदल मानलं नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. ‘आरसीवर स्टेरिंगचा कुठं उल्लेख असतो?’ असं दुकानदार विचारतात, आणि ते खरंही आहे. पण गाडीला मंजुरी मिळते ती एअरबॅगसकट. मंजुरीच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे आणि तिचं एक केंद्र चाकणलाही आहे. थोडक्यात, चाचणी घेणारे उत्तरेला, दंड करणारे गावात आणि रेझिस्टर टाकणारे दोघांच्या मधोमध, अशी मोशीची भौगोलिक रचना आहे. विम्याचा माणूस तर कुठूनही येतो, आणि धडक झाल्यावरच येतो.

शेवटी काय झालं, तर भाच्यानं दोन गोष्टी केल्या. काळी झाकणं काढून त्या जागी बटणं हवी होती, ती त्यानं कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरमधून, त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलची मागवली. तिथल्या मेकॅनिकनं आधी बॅटरीची वायर सोडवली आणि मग तो चक्क चहा प्यायला निघून गेला. भाचा म्हणाला, बरोबर आहे, एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेली वीज उतरायला थोडी मिनिटं द्यावी लागतात. सरकारी कार्यालयाबाहेर चहाची सुट्टी कामाचा भाग असलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आणि चाकाला चामड्याचं कव्हर. रबराच्या वासाचं, वरून चढवायचं, उन्हाळ्यात सैल होऊन हातात फिरणारं नव्हे, शिवायचं. (ते फिरणारं कव्हर बंदच करायला हवं. वळणावर कव्हर वळतं आणि चाक तिथंच राहतं.) दुकानातला एक पोरगा हे काम करतो. मी शेजारच्या सीटवर बसून बघितलं. त्यानं आधी स्पिरिटनं चाक पुसलं, मग चामड्याला गरम हवा दिली आणि ते नरम झाल्यावर चाकावर असं ताणलं की कुठं सुरकुती राहिली नाही. तर्जनीला इन्शुलेशन टेप गुंडाळलेली, अंगठ्याखाली वाकडी सुई, दोऱ्याला मेण. एका काठाच्या भोकातून दोरा दुसऱ्या काठाच्या भोकात, मग आवळणं, मग पुढचं भोक. आई सकाळी शाळेच्या घाईत मुलीची वेणी घालते, तशीच चपळाई आणि तसाच थोडा निर्दयपणा. आडव्या दांड्यांपाशी आल्यावर तो थांबला, चामड्याचे कान आत दुमडले, नखानं दाबले. मधल्या झाकणाला त्यानं हातही लावला नाही. हॉर्न वाजवून बघितला, चाक दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघितलं. घाम पुसला आणि म्हणाला, “आठ दिवस हाताला वास येईल. मग बसतंय बरोबर.”

खंडेनवमीला भाच्याच्या कारखान्यात मशिनांची पूजा होते; दसऱ्याला त्याच्या गाडीची. चाकाला झेंडूची माळ घालतात. ती मधल्या झाकणावर लोंबू न देता वरच्या बाजूला बांधावी आणि पूजा झाली की काढून ठेवावी, असं त्यानं आईला म्हणजे माझ्या बहिणीला बजावलंय. तिनं आधी अपशकुन म्हणून तोंड वाकडं केलं. त्यानं मग तिला सांगितलं की, ते झाकण फुटून बाहेर येतं, तेव्हा त्याच्या पुढे जे असेल ते तोंडावर येतं, नारळ असला तर नारळ. बहिणीनं नारळ खाली ठेवला.

हात चाकावर कसे ठेवायचे हेही आता बदललंय. जुन्या ड्रायव्हिंग स्कूलात दहा वाजून दहा मिनिटं शिकवत. एअरबॅग आल्यापासून पावणेतीनची पकड चांगली मानतात, म्हणजे फुगा फुगला तरी हात तोंडावर येत नाहीत. मोशीकरांचे हात तरीही साधारण साडेसहावर असतात, कारण चाकण रोडवर गाडी हलतच नाही.

तेव्हा गाडी घेतली असेल आणि हौस असेल, तर चामडं घाला, वेगळी वीण घाला, कंपनीची बटणं घाला, त्यात काही गैर नाही. फक्त ज्या झाकणावर ‘एसआरएस एअरबॅग’ अशी उठावाची अक्षरं आहेत, ते कुणाला उघडू देऊ नका आणि कुणी रेझिस्टरचं नाव काढलं तर तिथून गाडी काढा. दोरा काळा घ्यायचा की लाल, एवढंच दुकानात जाण्याआधी घरी विचारून ठेवा. आमच्याकडे तो लाल निघाला आणि काळा असता तर बरं झालं असतं, हे भाचेसुनेचं म्हणणं अजून चालू आहे.